क्रूडच्या एका बाटलीवरून त्याचा मूळ खडक कसा शोधायचा: बायोमार्कर वाचायची पद्धत, पायरी-पायरीने

मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किलोमीटरवर, १९७४ साली, बॉम्बे हायला तेल लागलं. ते तेल मुख्यतः निघतं मायोसीन काळातल्या चुनखडकातून, पण त्या चुनखडकात ते तयार झालेलं नाही. जिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हेच पटत नाही. तेल साठतं तो खडक वेगळा, त्याला रिझर्वॉयर म्हणायचं, आणि तेल जिथे शिजलं तो सोर्स रॉक वेगळा, खूप खोल आणि कधीकधी बराच लांब. पुढची विहीर कुठे घ्यायची हे ठरवायला तो सोर्स रॉक कुठला, त्याचं किचन (तो खडक जिथे तापून तेल तयार झालं तो खोल भाग) कुठल्या बाजूला, हे कळावंच लागतं. तिथपर्यंत ड्रिलिंग करून बघायला कोट्यवधी रुपये लागतात आणि इकडे विहिरीवर भरलेल्या क्रूडच्या छोट्या बाटलीत त्यातली बरीच उत्तरं आधीच असतात.

ती उत्तरं देतात बायोमार्कर. कोट्यवधी वर्षांपूर्वीची शेवाळं, बॅक्टेरिया, झाडं मेली, गाळात गाडली गेली, त्यांच्या पेशीतले स्टेरॉल, क्लोरोफिल, पानांवरचं मेण वगैरे रेणू उष्णतेने बदलले पण कार्बनचा सांगाडा बऱ्यापैकी तसाच राहिला. आल्फ्रेड ट्रिब्स या जर्मन केमिस्टने १९३४ मध्ये क्रूडमधल्या पॉर्फिरिनचं नातं थेट क्लोरोफिलशी लावून दाखवलं, तिथून हा विषय सुरू झाला. पुढे १९६० नंतर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री एकत्र आल्या आणि एकेक रेणू वेगळा दिसायला लागला.

पद्धत सांगण्याआधी एक गोष्ट, आणि याबाबतीत मी फार ठाम आहे. प्लॉट हातात आला की लोक लगेच "समुद्री की जमिनीवरचं" या प्रश्नावर उडी मारतात. तसं करू नका. आधी विचारा की या तेलावर काय काय गुदरलंय: भेसळ झालीये का, बॅक्टेरियाने खाल्लंय का, किती शिजलंय. मग मूळ, मग वय, मग खडकाशी जुळवणी. हा क्रम मोडला की रेशो बरोबर काढूनही उत्तर चुकतं.

पायरी १: सॅम्पल

काचेची बाटली, शक्यतो ब्राउन काच, झाकणाला आतून टेफ्लॉनचं लायनर. प्लास्टिकची बाटली नाहीच, कारण प्लास्टिकमधले थॅलेट तेलात उतरतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या एम/झेड (आयनचं वस्तुमान भागिले विद्युतभार) १४९ वर पीक्स उभे राहतात. विहिरीवर विचारून घ्या की ड्रिलिंगला ऑइल-बेस्ड मड (तेल मिसळलेला ड्रिलिंगचा चिखल) वापरला होता का, डिझेल टाकलं होतं का, पॅराफिन मोकळं करायला एखादं केमिकल सोडलं होतं का. हे प्रश्न बाटली भरतानाच विचारायचे, सहा महिन्यांनी लॅबमध्ये बसून कुणाला आठवत नाही. लेबलवर विहीर, झोन, खोली, तारीख आणि सॅम्पल वेलहेडचं की टेस्टिंगचं ते लिहा. दोन झोनमधून एकत्र प्रॉडक्शन चालू असेल तर ते तर नक्कीच लिहा, कारण मग ते एक तेल नाही, मिश्रण आहे.

तुलनेसाठी खडकही लागतो: कोअर (विहिरीतून सलग काढलेला खडकाचा दंडगोल) असेल तर उत्तम, नाहीतर कटिंग्ज (ड्रिलिंगमध्ये वर येणारा चुरा). आधी टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) आणि रॉक-इव्हॅल (खडक तापवून त्यातून किती तेल निघू शकतं ते मोजणारी चाचणी) करून घ्या. एक टक्क्यापेक्षा कमी सेंद्रिय कार्बन असलेल्या खडकाकडून सहसा फार अपेक्षा नाही ठेवायची. मग चांगल्या खडकावर सॉक्सलेट (सॉल्व्हंट परत परत फिरवून अर्क काढणारं काचेचं उपकरण) लावून डायक्लोरोमिथेन आणि थोडं मिथेनॉल यात अर्क काढायचा. फ्लास्कमध्ये अ‍ॅक्टिवेट केलेल्या तांब्याचे तुकडे टाका, मोकळं सल्फर त्यावर बसतं आणि तांबं काळं पडतं.

पायरी २: वेगळं करणं

क्रूडमध्ये हजारो घटक असतात आणि बायोमार्कर त्यात अगदी थोडे, म्हणून आधी गर्दी कमी करायची. वजन केलेल्या तेलात साधारण चाळीस पट एन-पेंटेन किंवा एन-हेक्झेन घालून रात्रभर थंड अंधाऱ्या जागी ठेवा, अ‍ॅस्फाल्टीन (तेलातले सगळ्यात जड रेणू) खाली बसतात, ते फिल्टर करा. राहिलेलं तेल सिलिका जेलच्या कॉलमवर. सिलिका आधी १२० डिग्रीला ओव्हनमध्ये तापवून ठेवलेली असावी, दमट सिलिका नीट वेगळं करत नाही, आणि पावसाळ्यात कोकण किनारपट्टीच्या हवेत तर ती उघडी ठेवली की दमट होतेच. हेक्झेनने आधी सॅच्युरेट (दुहेरी बंध नसलेले हायड्रोकार्बन) उतरतात, मग हेक्झेनमध्ये डायक्लोरोमिथेन मिसळून अ‍ॅरोमॅटिक (बेंझिनसारखी कडी असलेले), शेवटी मिथेनॉलसकट रेझिन (जड, ध्रुवीय रेणू). अ‍ॅरोमॅटिक कुठे सुरू होतात ते यूव्ही दिवा कॉलमवर धरला की चमक दिसते त्यावरून कळतं, तिथे फ्लास्क बदला.

तेल मेणचट असेल तर एन-अल्केन (कार्बनच्या सरळ साखळ्या) इतके असतात की बाकी सगळं त्याखाली दबतं. राजस्थानातल्या बाडमेर बेसिनचं मंगला तेल, २००४ चा शोध, इतकं मेणचट आहे की त्याची पाइपलाइन गरम ठेवावी लागते. अशा तेलाला युरिया अ‍ॅडक्शन किंवा ५ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह वापरून सरळ साखळ्या काढून टाकायच्या, म्हणजे स्टेरेन (स्टेरॉलपासून बनलेले बायोमार्कर) आणि होपेन (बॅक्टेरियांपासून आलेले) उठून दिसतात. पण त्याआधी न काढलेल्या भागाचं जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) करून ठेवा, नाहीतर अल्केनची माहिती हातची जाईल.

सॉल्व्हंट उडवताना नायट्रोजनची हलकी झुळूक पुरे, अगदी कोरडं पडेपर्यंत जोरात फुंकू नका.

पायरी ३: मशीन

जीसीचा कॉलम (ज्यातून जाताना घटक सुटे होतात ती बारीक नळी) डीबी-५ किंवा तसलाच, ३० किंवा ६० मीटर, आतला व्यास ०.२५ मिलिमीटर. माझ्या मते ६० मीटरचा असेल तर तोच लावा, वेळ जास्त जातो पण पीक्स सुटतात. तापमान हळूहळू, मिनिटाला ३-४ डिग्रीने, ३०० च्या थोडं वर नेऊन तिथे बराच वेळ धरायचं कारण सी३५ (३५ कार्बनचे) होपेन शेवटी शेवटी येतात आणि रन लवकर तोडला तर तेच जातात. इंजेक्शनच्या आधी ठरलेल्या मात्रेत इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ड्यूटेरियम लावलेलं कोलेस्टेन किंवा ५-बीटा-कोलेन.

मास स्पेक्ट्रोमीटरला सांगायचं की ठरावीक आयनच बघ: ८५ अल्केनसाठी, १९१ होपेन आणि ट्रायसायक्लिकसाठी, २१७ आणि २१८ स्टेरेनसाठी, २५९ डायस्टेरेनसाठी (सांगाड्याची फेरमांडणी झालेले स्टेरेन), १७७ नॉरहोपेनसाठी (एक कार्बन गमावलेले होपेन), ३६९ आणि ४१२ बायकॅडिनेनसाठी. अ‍ॅरोमॅटिक भागासाठी १७८, १९२, १९८, २३१, २५३. प्रत्येक बॅचमध्ये एक ओळखीचं प्रमाण तेल चालवा, बऱ्याच लॅबमध्ये नॉर्वेजियन नॉर्थ सी ऑइल वापरतात. त्याचे आकडे ठरलेल्या मर्यादेत आले नाहीत तर त्या दिवशीचा डेटा वापरू नका, कितीही घाई असली तरी.

पायरी ४: आधी साधा जीसी बघा, नीट

नवशिके हा प्लॉट बाजूला ठेवतात, मला तो सगळ्यात आवडतो. एन-अल्केनची रांग शाबूत आहे का? सी१५ ते सी१९ भारी असेल तर शेवाळाकडे इशारा, सी२७ पासून सी३३ पर्यंत विषम आकडे उंच असतील तर पानांच्या मेणाकडे, आणि तेल फार शिजलेलं नसल्याचीही खूण, कारण शिजलं की विषम-सम फरक मिटतो.

सी१७ च्या लगेच नंतर प्रिस्टेन, सी१८ च्या लगेच नंतर फायटेन. दोन्ही मुख्यतः क्लोरोफिलच्या शेपटीतून येतात, गाळात ऑक्सिजन मिळाला तर प्रिस्टेन, नाही मिळाला तर फायटेन. रेशो ०.८ च्या खाली असेल तर ऑक्सिजन नसलेला, बऱ्याचदा खारट तळ. ३ च्या वर असेल तर झाडापाल्याचा, हवेशी संबंध आलेला गाळ. मधल्या आकड्यांवर एकट्याने काहीही बोलू नका.

पायरी ५: बॅक्टेरियाने खाल्लंय का

रिझर्वॉयर साधारण ८० डिग्रीपेक्षा थंड असेल तर बॅक्टेरिया तेल खातात, आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी एन-अल्केन, मग प्रिस्टेन-फायटेन, मग स्टेरेन, मग होपेन, डायस्टेरेन त्यानंतर, आणि अ‍ॅरोमॅटिक स्टेरॉइड सगळ्यात चिवट. म्हणून सी१७ भागिले प्रिस्टेन, सी१८ भागिले फायटेन बघायचं. ते घसरलेत आणि बेसलाइन फुगून मोठा उंचवटा आलाय, म्हणजे खाणं सुरू झालंय. आता १७७ चा ट्रेस उघडा. तिथे २५-नॉरहोपेन असतील तर प्रकरण बरंच पुढे गेलंय आणि स्टेरेनचे रेशो जपून वापरायचे.

आणि हे नीट बघा: कधी २५-नॉरहोपेन पण दिसतात आणि एन-अल्केनची रांगही शाबूत दिसते. एकाच तेलात हे दोन्ही होऊ शकत नाही. म्हणजे आधी एक तेल आलं, ते खाल्लं गेलं, नंतर ताजं तेल त्याच रिझर्वॉयरमध्ये येऊन मिसळलं. एका बाटलीत दोन चार्ज, म्हणजे तेलाच्या दोन खेपा. हे लक्षात न घेता पुढे गेलात तर दोन वेगळ्या इतिहासांची सरासरी काढत बसाल.

पायरी ६: किती शिजलंय

१९१ च्या ट्रेसमध्ये सी३० होपेनच्या मोठ्या पीकनंतर जोड्या जोड्यांनी पाच जोड पीक्स येतात, सी३१ ते सी३५. प्रत्येक जोडीत आधी २२एस, मग २२आर (एकाच रेणूच्या दोन वेगळ्या त्रिमितीय रचना; पुढचे अल्फा, बीटा हेही तसेच). सजीवांत फक्त आर असतं, उष्णतेने एस तयार होत जातं. समजा सी३२ च्या जोडीत एसची उंची ६२ आणि आरची ४१ मोजली, तर ६२ भागिले १०३, म्हणजे ०.६०. समतोल ०.५७ ते ०.६२ मध्ये असतो, म्हणजे तेल निदान सुरुवातीच्या टप्प्यापर्यंत शिजलं, त्यापुढे हा आकडा काही सांगत नाही कारण तो तिथेच थांबतो. पुढचं बघायला २१७ वर सी२९ स्टेरेनचे चार पीक्स घ्या: अल्फा-अल्फा-अल्फा २०एस, मग बीटा-बीटाची जोडी, मग अल्फा-अल्फा-अल्फा २०आर. २०एस चा हिस्सा ०.५२ ते ०.५५ ला थांबतो, बीटा-बीटाचा ०.६७ ते ०.७१ ला. त्याच्याही पुढे गेलात तर अ‍ॅरोमॅटिक भागातला मिथाइलफेनान्थ्रीन इंडेक्स.

खूप शिजलेल्या हलक्या तेलात किंवा कंडेन्सेटमध्ये (गॅसबरोबर येणारं अगदी हलकं तेल) बायोमार्कर जवळपास संपलेले असतात. अशा वेळी वर येताना वाटेतल्या लिग्नाइट किंवा कोवळ्या शेलमधून उचललेले थोडेसे बायोमार्करही सगळं चित्र व्यापून टाकतात, आणि रेशो छान दिसतात पण ते त्या तेलाचे नसतातच. म्हणून नुसते रेशो नकोत, इंटर्नल स्टँडर्डवरून प्रत्यक्ष पीपीएमही काढा.

पायरी ७: आता मूळ

इथपर्यंत निभावलं की मग मूळ विचारा. सी२७, सी२८, सी२९ स्टेरेनचा त्रिकोणी प्लॉट सगळे काढतात. ढोबळमानाने सी२७ जास्त म्हणजे समुद्री शेवाळं, सी२९ जास्त म्हणजे जमिनीवरची झाडं, असं शिकवलं जातं. सी२९ डायस्टेरेन सी२७ च्या पीक्सवर चढतात, त्यामुळे जीसी-एमएस-एमएस (मूळ आयन आणि त्याचा तुकडा अशी जोडी बघणारं मशीन) असेल तर ३७२ ते २१७, ३८६ ते २१७, ४०० ते २१७ असे ट्रान्झिशन वापरून सुटे मोजा. तिथेच ४१४ ते २१७ बघा, सी३० चं २४-एन-प्रोपिलकोलेस्टेन दिसलं तर समुद्राचा हात नक्की होता. तळ्यातल्या तेलात ते मिळत नाही.

डायस्टेरेन भरपूर म्हणजे सोर्समध्ये चिकणमाती होती, कमी म्हणजे बहुधा कार्बोनेट (चुनखडकासारखा खडक). सी२९ होपेन सी३० पेक्षा उंच, आणि जोड्यांच्या शेवटी सी३५ परत उचललेलं, हेही कार्बोनेट आणि ऑक्सिजनविरहित तळाकडे बोट दाखवतं. गॅमासेरेन सी३१ च्या जोडीच्या लगेच मागे येतं, ते ठळक असेल तर पाण्याचे थर पडलेले होते, बऱ्याचदा खारटपणामुळे. इंडोनेशियाच्या मिनास तेलात बोट्रिओकोकेन सापडतं, ते बोट्रिओकॉकस नावाच्या गोड्या-मचूळ पाण्यातल्या शेवाळाचं, म्हणजे तळं.

आता आपल्याकडचं बघू. मुंबई ऑफशोअरच्या तेलात सी३० होपेनच्या थोडं आधी ओलिअनेनचा पीक दिसतो. ते फुलझाडांचं. मुंबई ऑफशोअरचा मुख्य सोर्स पन्ना फॉर्मेशन, पॅलिओसीन ते लोअर इओसीन, डेक्कन ट्रॅपच्या वर साठलेला, किनारी दलदलीचा गाळ, त्यात कोळसा आणि शेल. ज्या बेसॉल्टचा सह्याद्री आहे त्याचाच भाऊबंद समुद्राखाली या सोर्स रॉकच्या पायाशी आहे, मला हे दर वेळी विलक्षण वाटतं. आणखी एक नेमकी खूण म्हणजे बायकॅडिनेन, डिप्टेरोकार्प झाडांच्या राळेतून येणारे. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत इओसीन काळातली हीच राळ अंबर म्हणून हातात घेता येते. काळजी एवढीच की बायकॅडिनेन २१७ आणि १९१ च्या ट्रेसमध्येही डोकावतात, त्यांना स्टेरेन समजून मोजू नका, ४१२ आणि ३६९ उघडून ताडून बघा.

आणि याच्या अगदी उलट टोकाला राजस्थानातलं बाघेवाला. १९९१ मध्ये बिकानेर-नागौर बेसिनमध्ये जड तेल लागलं. त्यात सी२९ स्टेरेन भरपूर. नियम पाठ केलेला माणूस म्हणेल जमिनीवरची झाडं. पण प्रिस्टेन-फायटेन कमी, डायस्टेरेन कमी, पानांच्या मेणाचे अल्केन नाहीत, ओलिअनेन नाही. उलट २४-आयसोप्रोपिलकोलेस्टेन दिसतं, जे स्पंजांशी जोडलं जातं आणि फार जुन्या खडकांत उठून दिसतं. १९९५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासाने निष्कर्ष काढला की सोर्स इन्फ्राकेंब्रियन काळातला (केंब्रियनच्या आसपासचा, ५० कोटी वर्षांहून जुना) कार्बोनेट आहे आणि तेल ओमानच्या हुक्फ तेलांशी नातं सांगतं. त्या काळी जमिनीवर झाडंच नव्हती, तेव्हा ते सी२९ शेवाळांचं. एक खूण एकटी धरली असती तर कोट्यवधी वर्षांची चूक झाली असती.

पायरी ८: वय

नेमकं वर्ष मिळत नाही, मर्यादा मिळतात. ओलिअनेन ठळक असेल तर सोर्स क्रिटेशसपेक्षा जुना नाही, बहुधा टर्शरी. पण ओलिअनेन नाही म्हणजे जुना, हे मात्र खरं नाही. समुद्रात खूप आत साठलेल्या गाळात झाडांचं काही पोचलंच नसेल. सी२८ भागिले सी२९ स्टेरेन हा रेशो काळाबरोबर वाढत गेलाय, समुद्री तेलात ०.५ पेक्षा कमी म्हणजे लोअर पॅलिओझोइक किंवा जुनं, ०.७ च्या वर म्हणजे अप्पर जुरासिक किंवा नवं. तळ्याच्या तेलाला हा नियम लावू नका.

पायरी ९: खडकाशी जुळवणी

तेलाचे आणि खडकाच्या अर्काचे तेच रेशो, त्याच मशीनवर, त्याच आठवड्यात काढलेले शेजारी ठेवा. दहा-बारा रेशो निवडा, पण एकाच गोष्टीचे दहा नकोत: दोन-तीन गाळाच्या परिस्थितीचे, दोन-तीन जीवांचे, एखादा वयाचा. शिजण्याचे रेशो जुळणीत घेऊ नका, कारण विहिरीत मिळालेला खडक सहसा उथळ आणि कच्चा असतो, तेल आलंय त्याच थराच्या खोल भागातून, त्यामुळे ते जुळणारच नाहीत. सोबत कार्बन आयसोटोप घ्या, सॅच्युरेट आणि अ‍ॅरोमॅटिक दोन्हीचे. तेल आणि सोर्समध्ये दोन-तीन पर मिलपेक्षा (दर हजारी) जास्त अंतर पडलं तर थांबा.

रिपोर्टमध्ये भाषा जपून वापरा. जुळलं नाही, तर "हा खडक या तेलाचा सोर्स नाही" असं ठामपणे लिहिता येतं. जुळलं, तर फक्त "असू शकतो", कारण तसलाच दुसरा एखादा थर अजून कुणी ड्रिल केलेलाच नसेल.

हेच तंत्र किनाऱ्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर टारबॉल येतात, काळे चिकट गोळे. दोना पावलाच्या एनआयओमधल्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) शास्त्रज्ञांनी त्यांचे होपेन आणि आयसोटोप मोजून पाहिलेत. काही खेपांचे गोळे बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, काही आग्नेय आशियाई तेल वाहणाऱ्या टँकरच्या टाक्या धुतलेल्या पाण्याशी. इथे उन्हात आणि लाटांत हलके घटक उडालेले असतात, म्हणून अल्केन आणि प्रिस्टेन-फायटेनवर विसंबू नका, होपेन, ओलिअनेन, बिसनॉरहोपेन हे चिवट रेणू वापरा. गोळा उचलताना चिमटा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल, वरचा वाळू लागलेला थर कापून आतला मऊ भाग घ्या, जागा आणि भरतीची वेळ लिहा. अर्धं सॅम्पल न वापरता फ्रीझरमध्ये ठेवून द्या, संशयित जहाजाचं किंवा विहिरीचं तेल काही महिन्यांनी हाती येतं तेव्हा दोन्ही एकाच बॅचमध्ये परत चालवावे लागतात.